दहा फुटांवरची रिंग

भाऊंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात फायलींच्या ढिगात मान घालून बसले होते. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही नाही. थेट प्रश्न.

"मांडव निघाला काय गं?"

"जय भीम भाऊ. पाय कसा आहे?"

"पायाचं सोड. प्लास्टरमधला पाय जाणार कुठे? मांडव निघाला काय ते सांग."

"काल निघाला. खड्डेसुद्धा बुजवून झाले."

"मग टेप घेऊन जा. मला या वर्षी जमणार नाही. माप घेतल्याशिवाय पोरींना बॉल टाकू देऊ नकोस." आणि फोन ठेवून दिला. बाहत्तराव्या वर्षी मोरीत घसरून पाय मोडून घेतलेला हा माणूस लालबागच्या आपल्या खोलीत पलंगावर पडून होता, आणि त्याला काळजी कसली, तर दोन चाळींच्या मधल्या एका लोखंडी रिंगची. मला हसू आलं आणि मग उगाच डोळ्यांत पाणीही आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, ऑक्टोबर आला.

ऑक्टोबर कोणाला आवडतो, सांगा बघू? घामाने जीव जातो, वारा पडलेला, दुपारी डांबराचा वास नाकात चढतो. पण आमच्या मैदानावर वाढलेल्या पोरांना विचारा. गणपतीचा मांडव नवरात्रापर्यंत तसाच राहायचा, दसऱ्यानंतर निघायचा, आणि दोन महिने अडकलेलं मैदान पुन्हा आमच्या हाती लागायचं. बांबू उतरायचे, सुतळीचे तुकडे, सुकलेली फुलं, कागदी झिरमिळ्या यांचा ढीग कोपऱ्यात लागायचा, आणि खाली जमीन दिसायची, जागोजागी खड्डे पडलेली, ऊन न लागल्याने फिकट झालेली. ते खड्डे बुजवायच्या ओल्या सिमेंटचा वास म्हणजे माझ्यासाठी खेळाचा मोसम सुरू झाल्याचा वास. अजूनही कुठे बांधकामापाशी तो वास आला की माझे तळहात खाजतात.

मैदान म्हणजे काय, अर्धंच. एका बाजूला आमची चाळ, बहुतेक मालवण-कणकवलीकडची घरं; समोर भाऊंची चाळ, बौद्ध मंडळींची. मधे एक चौकोन, आणि त्या चौकोनाच्या टोकाला एकच खांब, एकच रिंग. ती भाऊंनी लावली. भाऊ गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर ग्रिल बनवायच्या एका छोट्या वर्कशॉपात लागले, पण स्वतःची ओळख शेवटपर्यंत 'फिटर' अशीच सांगत राहिले. तरुणपणी गिरणीच्या संघातून बास्केटबॉल खेळले होते. मी तिसरीत होते तेव्हा त्यांनी कुठूनसा वाफेचा जुना पाइप आणला, त्याला फळी आणि रिंग जोडली, खड्डा खणून खांब रोवला आणि सगळ्यांसमोर टेप लावून जाहीर केलं, "दहा फूट. सुताचाही फरक नाही." फिटर लोकांच्या मापात इंचाचे आठ भाग असतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पण टेप कायम असायची.

त्या रिंगखाली मी मोठी झाले. बाकीच्या मुली गॅलरीत अभ्यास करायच्या, मी खाली बॉल आपटायचे आणि दोन्ही चाळींच्या शिव्या खायचे. भाऊंनी मला बाराव्या वर्षी हाताला धरून शिकवलं. कोपर आत, मनगट सैल, नजर रिंगच्या मागच्या कडेवर. पंधराव्या वर्षापर्यंत असं झालं होतं की मैदानावर मी बॉल सोडला की गॅलरीतल्या काकू वर न बघता म्हणायच्या, "गेला आत." आवाजावरूनच कळायचं त्यांना. जाळीतून बॉल सरकल्याचा तो 'सप्प' आवाज. जगातला सर्वांत सुंदर आवाज कोणता, असं मला कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन, गाणंबिणं सगळं नंतर.

पण बाहेर गेले की संपलं. शाळेची स्पर्धा असो, कॉलेजची असो, माटुंग्याला असो की गिरगावात असो, माझा बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून 'खडाक' करून परत यायचा. एकदा, दोनदा, दहादा. घरी आले की पुन्हा सगळे आत. मग निदान काय होणार? भाऊच म्हणाले, "हात सोन्याचा, पण काळीज उंदराचं. बाहेर गेली की घाबरते." ते प्रेमाने म्हणाले, चिडून म्हणाले, कधी सगळ्यांदेखत म्हणाले. मग चाळ म्हणायला लागली. पोरं तर मला 'घरची राणी' म्हणायची. खेळताना बॉल चुकला की मागून आवाज यायचा, "अरे, पाहुण्यांच्या घरी आलीये काय?" मी सुद्धा हसायचे. आणि कधीतरी, कुठल्या दिवशी ते आठवत नाही, मीही मानून टाकलं की आपण भित्र्या आहोत. एकदा मानलं की सगळीकडे पुरावे मिळत जातात. परीक्षेत पोटात गोळा आला, हे बघ, भित्री. मुलाखतीत शब्द अडखळला, हे बघ, भित्री. माणूस स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला किती तत्पर असतो!

ही सगळी बडबड ज्या ऑक्टोबरसाठी, तो आला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. एका सरकारी खात्याच्या महिला संघासाठी निवड चाचणी निघाली. आमच्या खेळात व्यावसायिक खेळाडू व्हायचं म्हणजे आपल्याकडे एवढाच रस्ता: संघात घेतलं तर नोकरी, नोकरी लागली तर खेळ. जागा एकच होती. वय जास्तीत जास्त एकवीस. म्हणजे ह्या वर्षी नाही तर कधीच नाही. बाबांची गिरणी गेलेली, ते घरी बसून कंदील आणि मखरं करायचे. माझं लग्न ठरवायच्या गोष्टी सुरू झालेल्या. आई म्हणाली, "बघ गो बाय, ह्यो बॉल काय ता एकदा ठरव." मी ठरवलं होतं. मला आयुष्यात दुसरं काही येतच नव्हतं.

दादरच्या एका हॉलमध्ये चाचणी झाली. लाकडी फरशी, वर पत्र्याचं उंच छप्पर, त्याखाली बुटांचा चीं-चीं आवाज. धावणं झालं, पासिंग झालं, त्यात मी बरी होते. मग प्रत्येकीला फ्री थ्रोच्या रेषेवरून वीस बॉल टाकायला लावले. पहिला, खडाक. दुसरा, खडाक. तिसऱ्याला मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, खडाक. विसांतले चार आत गेले. रेषेवर उभी असताना मला मागे कोणी नसताना सुद्धा ऐकू येत होतं, पाहुण्यांच्या घरी आलीये काय?

निवड करणाऱ्या मॅडम कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझं तंत्र इतकं स्वच्छ आहे, की मला कळतच नाही बॉल का पोचत नाही. दिवाळीनंतर शेवटची फेरी आहे, तुझं नाव मी ठेवते. पण तेव्हाही असंच झालं, तर माझ्या हातात काही नाही." मी मान हलवली. दादरहून लालबागपर्यंत चालत आले. बसमध्ये बसायची हिंमत नव्हती, बसले असते तर रडले असते.

चाळीत कोणाला काही सांगावं लागलं नाही, माझं तोंड बघूनच समजले. मग काय, जितकी घरं तितकी औषधं. नजर लागली, मीठ-मोहरी उतरा. बूट नवे होते, चावले असतील. सकाळी खाऊन गेली नव्हती. समोरच्या चाळीतल्या मावशींनी तर सांगितलं, चाचणीआधी पाच मिनिटं डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेव, भीती पळते. भाऊ नुसते रिंगखाली उभे राहून म्हणाले, "टाक." मी वीस टाकले. अठरा आत गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. "बघ! आता मी काय शिकवू तुला? काळीज कुठल्या दुकानातून आणू?"

ते वाक्य मला जन्मभर विसरता आलं नाही. त्यांनाही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आता दिवाळीचं सांगते. चाळीचा मोठा आकाशकंदील दरवर्षी त्या रिंगलाच टांगायचे. कंदील आमच्या घरचा, कारण बाबा बांधायचे. आणि टांगायचं काम आईचं, कारण बाबांना शिडीवर चढलं की गरगरायचं. आई साडीचा पदर खोचून लाकडी घोड्यावर, म्हणजे दुपाखी शिडीवर, चढायची, भाऊ खालून घोडा धरायचे, आणि दोन्ही चाळी गॅलरीतून सूचना द्यायच्या. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, अहो वहिनी, तो तिरका दिसतोय. त्या वर्षी मी खाली पायरीवर बसले होते, कंदिलाकडे बघायचीही इच्छा नव्हती. आई चढली, सुतळी रिंगला बांधली आणि वरूनच म्हणाली, "आता बरां झालां. आधी माका अगदी वरच्या पायरीर चढूचा लागायचा, चवड्यांर उभी रवान पण हात नीट पोचत नसायचो. आता त्याच पायरीर नुसती सरळ उभी रवली तरी पोचता."

कोणीतरी गॅलरीतून ओरडलं, "वहिनी, तुम्ही उंच झालात!"

"माका पण तसांच वाटलां," आई अगदी गंभीरपणे म्हणाली.

सगळी चाळ हसली. भाऊही हसले. मग त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. मी ते थांबताना पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला, टेप बाहेर आली. आईला खाली उतरवून ते स्वतः वर चढले, टेपचं टोक रिंगच्या कडेला लावलं आणि पट्टी खाली सोडली. खाली उतरून, वाकून त्यांनी आकडा पाहिला. पुन्हा वर चढले. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा बघून ते तिथेच, जमिनीवर, मांडी घालून बसले.

"साडेनऊ," ते म्हणाले. "साडेनऊ फूट."

रिंग खाली कशी येईल? रिंग जागच्या जागीच होती. जमीन वर आली होती.

हे कसं झालं ते सांगायला मला अजूनही लाज वाटते आणि अजूनही अभिमान वाटतो, दोन्ही एकदम. आमच्याकडे पद्धत होती: मैदान घेतलंस, तर घेतलं त्याहून चांगलं करून परत दे. सप्टेंबरात आमचा गणपतीचा मांडव, एप्रिलात समोरच्या चाळीचा बाबासाहेबांच्या जयंतीचा मांडव. मांडवासाठी खड्डे खणायचे, मांडव निघाला की बुजवायचे. पण नुसते खड्डे बुजवले तर ठिगळं दिसतात. म्हणून आमच्या समितीने एका वर्षी सगळ्या मैदानावर सिमेंटचा पातळ हात फिरवला. छान दिसलं. मग समोरचे मागे राहतील का? एप्रिलात त्यांनी त्याहून गुळगुळीत केलं. मग आम्ही. मग ते. तेरा वर्षं, वर्षाला दोनदा, कधी दोन सूत, कधी एक सूत, दोन्ही चाळी एकमेकींचा मान ठेवत गेल्या आणि मैदान सहा इंच वर चढवून बसल्या. भांडत असतो ना, तर रिंग दहा फुटांवरच राहिली असती.

आणि दिसत होतं हो सगळं! आमच्या चाळीच्या तीन पायऱ्यांतली सर्वांत खालची जवळजवळ जमिनीत गेली होती आणि आम्ही रोज तिच्यावरून उतरत होतो. तळमजल्याच्या काकू दर पावसाळ्यात ओरडायच्या की पाणी उंबऱ्याला लागतं, आणि आम्ही म्हणायचो, हल्ली पाऊसच फार पडतो. मी त्याच पायरीवर बसून रडत होते त्या महिन्यात, आणि माझे गुडघे आधीपेक्षा उंच येत होते, हे मला समजलं नाही.

माझा हात बरोबरच शिकला होता. साडेनऊ फुटांसाठी. बाहेरची रिंग दहाची, म्हणून बॉल सहा इंच आखूड. एवढीच गोष्ट. काळीज उंदराचं नव्हतं. मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना, तोंडात पेस्टचा फेस असताना एकदम हसायला लागले. आईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मी भित्री नव्हते! सहा वर्षं सगळे म्हणत होते, मी म्हणत होते, आणि मी भित्री नव्हतेच. तेव्हापासून कोणी कोणाला बुजरा, घाबरट, आतल्या गाठीचा म्हणालं, की माझ्या मनात पहिला विचार येतो: ह्याच्या घरची जमीन कोणी मोजली आहे का?

भाऊ मात्र तीन दिवस खाली उतरले नाहीत. त्यांच्या बायकोने सांगितलं, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेत. एकच वाक्य म्हणतात, "मी फिटर. आणि माप एकदाच घेतलं." मी जाऊन दार वाजवलं. ते आतूनच म्हणाले, "स्मिते, जा तू. मला तोंड दाखवू नकोस." खरं तर त्यांना म्हणायचं होतं, मी तुला तोंड दाखवू शकत नाही. पण माणसाला योग्य वाक्य वेळेवर सापडतंच असं नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी ते गॅस कटर घेऊन मैदानात आले. खांब वरून कापला, त्यात दुसरा पाइप सरकेल अशी जोडणी केली, चार बोल्ट लावले. बोल्ट ढिले करायचे, रिंग वर-खाली सरकवायची, पुन्हा आवळायचे. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर ठिणग्या. संध्याकाळी स्वतःच शिडीवर चढले, स्वतःच टेप लावली, खाली उतरून पाना खिशात घातला. "झालं. दहा फूट," म्हणाले. "आता दरवर्षी मांडव निघाला की माप घ्यायचं. मी घेणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." दोन्ही समित्यांना बोलावून तंबी दिली: खड्डे बुजवा, थर देऊ नका. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तरी आमची माणसं ती, हात शिवशिवतोच. अधूनमधून कोणीतरी गुपचूप थोडं गुळगुळीत करायचंच.

त्यानंतरचा महिना आमच्या मैदानाने कधी पाहिला नव्हता. कोणाचाच बॉल आत जाईना! मोठमोठे दादा, ज्यांनी आयुष्यभर तिथे मिजास मारली, ते पुढच्या कडेवर आपटत होते. खडाक, खडाक, खडाक. कुरकुर झाली, नाही असं नाही. एकीसाठी सगळ्यांचा खेळ बिघडवला, असंही कोणी बोललं. मग तोच बोलणारा दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी उभा राहून बॉल टाकत होता आणि चुकत होता. मला 'घरची राणी' म्हणणारी अख्खी टोळी माझ्यासोबत चुकत होती. मी इतकी सुखात कधीच नव्हते. गॅलरीतल्या काकू बिचाऱ्या गोंधळल्या; आवाजावरून सांगायची सोय गेली, वर बघावं लागायला लागलं.

भाऊंनी मला नव्याने शिकवलं. हात तसाच ठेव, ताकद पायातून काढ. गुडघे वाक, अजून वाक. सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. माझ्या मांड्या इतक्या दुखायच्या की रात्री आईने तेल लावून दिलं तरी जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. भाऊ आता मला ओरडत नव्हते. त्याचंच मला वाईट वाटायचं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "भाऊ, शिव्या द्या की जरा." ते म्हणाले, "संपल्या."

शेवटच्या फेरीला मी एकटीच गेले. भाऊ म्हणाले, मी आलो तर तुझे हात जड होतील. तोच हॉल, तीच रेषा, त्याच मॅडम. पहिला बॉल सोडला, आणि जरासा लांबच गेला. पण तो मागच्या फळीला लागून खाली, आत. दुसराही लांब, फळी, आत. मला वाटलं, नशीब. तिसऱ्यापासून हात बसला. सप्प. सप्प. सप्प. अख्ख्या हॉलमध्ये मला तेवढंच ऐकू येत होतं. विसांतले सतरा. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं तुला?"

"जमीन वर आली होती," मी म्हटलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण हसल्या.

मी तेरा वर्षं खेळले. ऐकायला फार वाटतं. सकाळी सराव, दुपारी टेबल. माझ्या ओळखपत्रावर कनिष्ठ लिपिक लिहिलं होतं, खेळाडू असं कुठेच नव्हतं. पहिली चार वर्षं बाकावर बसण्यात गेली. मग कधी पंधरा मिनिटं, कधी पूर्ण सामना. कुठल्या-कुठल्या गावांतली थंडगार स्टेडियमं, जिथे प्रेक्षक म्हणजे पुढच्या सामन्यासाठी आलेल्या मुली. सतरंजीवर झोपणं, वरणभातासाठी रांग, खोलीभर मलमाचा वास, आणि कुठल्यातरी उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी दोन फ्री थ्रो मिळाल्यावर अंगातून गेलेली ती शिरशिरी. माझ्यावर कधी बातमी आली नाही. आमच्या बाबांनी एकदा पेपरातला निकाल कापून ठेवला, त्यात नुसतं संघाचं नाव होतं. त्यांनी पेनाने बाजूला माझं लिहिलं. मग डावा गुडघा गेला. शेवटचा सामना कुठला, हे खेळताना कळत नाही, हे एक फार वाईट आहे. कळलं असतं तर बूट जरा सावकाश काढले असते. पण मी तक्रार करणार नाही. मला जे एकच काम येत होतं, ते मला तेरा वर्षं करायला मिळालं. किती जणांना मिळतं?

आता मी दादरला राहते, संध्याकाळी लालबागला येऊन अकरा मुलींना शिकवते. आणि दरवर्षी मांडव निघाला की शिडी धरते. इतकी वर्षं तेच चाललंय: भाऊ चढणार, टेप लावणार, स्वतःच वाचणार, पाना फिरवणार, उतरून म्हणणार, "दहा फूट." सत्तरी उलटली तरी शिडी कोणाला दिली नाही. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याचा हट्ट.

तर त्या दिवशी फोन झाल्यावर ऑफिस सुटताच मी गेले. मुली ओळीत पायरीवर बसलेल्या, कडेवर बॉल घेऊन. दोघींची पुढच्याच आठवड्यात निवड चाचणी. शिडी लावली, भाऊंची टेप त्यांच्या घरून आणली होती, पाना पिशवीत होता. गुडघा कुरकुरला, पण चढले. कडेला टोक लावलं, पट्टी खाली सोडली, एका मुलीने जमिनीला टेकवून धरली. मी उतरून आकडा वाचला.

दहा फूट, एक इंच.

पुन्हा चढले. पुन्हा एक इंच. सुताचाही फरक नाही, नेमका एक. चुकून असा नेमका राहत नाही. मी बाजूला जाऊन भाऊंना फोन लावला.

"भाऊ, इंच जास्त भरतोय."

"टेप कुठे लावलीस?"

"रिंगच्या वरच्या कडेला."

"मग बरोबर लावलीस."

"भाऊ, कधीपासून?"

"तुझ्या त्या दिवाळीपासून."

मला तो हॉल दिसला, जरा लांब जाऊन फळीला लागून आत पडलेले ते पहिले दोन बॉल दिसले, ज्यांना मी इतकी वर्षं नशीब म्हणत आले.

"फिटर असून?" शेवटी मी म्हटलं.

"फिटर म्हणून एकच इंच ठेवला. दुसरा कोणी असता तर चार ठेवले असते." ते थोडे खोकले. "सहा वर्षं तुला भित्री म्हटलं मी. पोरांदेखत म्हटलं. चूक माझ्या मापाची, आणि बोलणी तू खाल्लीस. माफी मागायला आलो होतो एकदा तुमच्या दारापर्यंत, तुझी आई म्हणाली चहा घ्या, मी चहा पिऊन परत आलो. म्हटलं, बोलता येत नाही तर हाताने काहीतरी करावं. पोरगी चुकली तर लांब चुकू दे. आखूड पडलेला बॉल आपल्याच अंगावर येतो. लांब गेलेल्याला फळी तरी असते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर हात आखडला असतास." आणि मग, अगदी हळू, "आता तुला कळलंय. काढायचा असेल तर काढ तो इंच. पाना आहे ना तुझ्याकडे?"

पाना माझ्या हातातच होता. मी फोन ठेवला आणि खांबापाशी परत आले. चार बोल्ट. दोन मिनिटांचं काम. मागून मुलींचा कलकलाट चालला होता. त्यातली सर्वांत शांत मुलगी, पुढच्या आठवड्यात चाचणीला जाणारी, जी आमच्या मैदानावर वीसपैकी पंधरा टाकते आणि बाहेर जायच्या नुसत्या विचाराने नखं खाते, ती उठून जवळ आली.

"ताई, बरोबर आहे ना माप?"

मी टेप गुंडाळली. पाना पिशवीत टाकला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दहा फूट. चल, बॉल घे."